मांजरीचे पिल्लू दिवाणाखालून बाहेर येत नाही. तिचा विश्वास कसा मिळवावा?

सावली_मुलुंड:

नमस्कार. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एका गाडीच्या बॉनेटखाली मांजराचे पिल्लू ओरडत होते. रखवालदाराने ते बाहेर काढले आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहूनही आई परत न आल्यामुळे आम्ही ते घरी आणले. डॉक्टरांनी तपासून ते मादी असून साधारण दहा आठवड्यांचे असावे असे सांगितले, जंताचे औषध दिले आणि पहिली लसही टोचली. मुलाने तिचे नाव ठमी ठेवले आहे. ती खाते व्यवस्थित आणि रेतीच्या ट्रेमध्ये जायचे तिला कुणी शिकवावेही लागले नाही. अडचण एवढीच आहे की ती माणसांना विलक्षण घाबरते.

आमचे घर वन बीएचके आहे आणि घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा असे चौघे राहतो. ठमी दिवसभर हॉलमधल्या दिवाणाखाली अगदी भिंतीला चिकटून बसते आणि रात्री दिवे मालवल्यावर बाहेर येऊन बशीतले खाऊन जाते. हात पुढे केला की फिस्कारते. मुलाने तिला ओढून उचलून घेतले तेव्हा तिने त्याच्या मनगटावर ओरखडा काढला. सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी की माझ्या सासूबाईंना मांजरे मुळीच आवडत नाहीत, त्या तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, आणि ठमी मात्र त्या संध्याकाळी जपमाळ घेऊन बसल्या की हळूच बाहेर येऊन त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसते. तिला खायला मी घालते, ट्रे मी साफ करते, गोड बोलते मी, आणि माझीच चाहूल लागली की ती आत पळते.

शेजारच्या काकूंचे म्हणणे आहे की तिला रोज बाहेर काढून टॉवेलमध्ये गुंडाळून तासभर मांडीवर धरून ठेवावे, म्हणजे भीती मोडते. नवऱ्याचे म्हणणे आहे की तिला तिच्या तंत्राने राहू द्यावे. या दोहोंपैकी योग्य काय? शिवाय आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि त्या दिवसांत घरात पाहुण्यांची वर्दळ असते, तोपर्यंत ती निदान माणसांसमोर वावरू लागावी अशी इच्छा आहे.

गिरणगावकर:

सावलीताई, तुमच्या सासूबाईंनी अर्धे उत्तर नकळत देऊन ठेवले आहे. मांजर शिकारी असले तरी एवढ्याशा देहाचे पिल्लू स्वतःही घारीचे, कावळ्याचे किंवा कुत्र्याचे भक्ष्य असते, आणि त्यामुळे आपल्यावर नजर रोखणारा, सरळ आपल्याच दिशेने चालत येणारा आणि वरून पंजा खाली आणणारा कोणताही मोठा जीव त्याला धोक्याचा वाटणे स्वाभाविक आहे. प्रेमाने जवळ जाणारे माणूस नेमक्या याच तीन गोष्टी करते. सासूबाई यांपैकी एकही करत नाहीत. त्या ठरावीक वेळी, ठरावीक जागी, खाली बसतात, एकसुरी आवाजात जप करतात आणि पिल्लाकडून त्यांना काहीही नको असते, त्यामुळे त्या पुढच्या क्षणी काय करतील याचा अंदाज ठमीला बांधता येतो. मांजर न आवडणाऱ्या पाहुण्याच्याच पायाशी मांजर जाऊन बसते याचे कारणही हेच असावे.

तेव्हा काही काळ तुम्हीही तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचे काम मन लावून करावे. रोज साधारण एकाच वेळी दिवाणापासून चार-पाच फुटांवर जमिनीवर बसा, खुर्चीवर नको. तोंड तिच्याकडे न करता कूस तिच्याकडे असू द्या. भाजी निवडा, वर्तमानपत्र हळू आवाजात वाचा. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश अर्धवट मिटा, क्षणभर तसेच राहा आणि मग दुसरीकडे पाहा. ही निव्वळ मांजरवाल्यांची समजूत नाही. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मालकाने असे डोळे मिटल्यावर मांजरेही तसेच डोळे मिचकावून प्रतिसाद देतात, आणि अनोळखी माणसाने निर्विकार चेहरा ठेवण्याऐवजी आधी डोळे सावकाश मिटले तर त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे ती अधिक वेळा जातात, असे आढळले.

दुसरी गोष्ट लपण्याच्या जागेची. लपणे वाईट नाही, परंतु दिवाणाखालचा कोपरा वाईट आहे, कारण तिथे तुमचा हात पोहोचत नाही आणि तिला तेथून फक्त माणसांचे पाय दिसतात. किराणा दुकानातून एक मजबूत खोका आणा, त्याला दोन बाजूंनी तोंडे ठेवा, म्हणजे आपण कोंडले गेलो असे तिला वाटणार नाही, आत तुमचा वापरलेला, न धुतलेला सुती गाऊन किंवा टी-शर्ट घाला आणि तो खोका बेडरूमच्या शांत कोपऱ्यात ठेवा. मग एखाद्या रात्री ती आपणहून बाहेर आलेली असताना दिवाणाखालची जागा उशा-चादरींनी बंद करा. मुंबईतल्या लहान घराचा या बाबतीत फायदाच होतो असे माझे मत आहे. नव्या पिल्लाला सुरुवातीला संपूर्ण घर मोकळे सोडण्यापेक्षा एकच खोली देणे बरे असते, कारण तेवढ्या जागेचा वास, आवाज आणि पळवाटा त्याला लवकर पाठ होतात. बाथरूम मात्र त्यासाठी वापरू नका; ओली फरशी आणि बादलीचा आवाज यांनी ते अधिकच बिथरते.

टॉवेलमध्ये गुंडाळून धरून ठेवण्याचा सल्ला कृपा करून मानू नका. असे धरलेले पिल्लू काही वेळाने शांत होते ते भीती गेली म्हणून नव्हे, तर सुटका नाही हे कळल्यामुळे ते गोठून जाते म्हणून. ती येईल तेव्हा येईल.

माऊमावशी_दादर:

काकांच्या बाकी सर्व म्हणण्याशी मी सहमत आहे, फक्त शेवटच्या वाक्याशी नाही. ‘ती येईल तेव्हा येईल’ हे पाळीव आईच्या पोटी जन्मलेल्या आणि माणसांतच वाढलेल्या पिल्लाला लागू पडते. पार्किंगमध्ये जन्मलेल्या दहा आठवड्यांच्या पिल्लाच्या बाबतीत वेळ हातातून निसटत असतो. पिल्लाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतच्या काळात माणसाचा हात, आवाज आणि वास ओळखीचा झाला तर पुढे ते माणसांजवळ सहज येते, हे फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून दिसून आले होते. ठमीचा तो काळ गाड्यांखाली गेला आहे. म्हणून दार बंद झाले असे मुळीच नाही, या वयाची कितीतरी पिल्ले माझ्याकडे तात्पुरती राहून माणसाळली आहेत, परंतु पिल्लू तीन-चार महिन्यांचे झाल्यावर हेच काम कितीतरी पटींनी अवघड होते. (स्वभावात बापाचाही वाटा असतो, धीट बोक्याची पिल्ले त्याला कधी न पाहताही अधिक धीट निघतात. ठमीच्या बापाची चौकशी करणे अर्थातच शक्य नाही.)

म्हणून तुमच्या काकूंचा मार्ग चुकीचा असला तरी तुमच्या यजमानांचाही पुरेसा नाही. मधला मार्ग अन्नाचा आहे. तुम्ही आत्ता बशी भरून ठेवता आणि ती रात्री सर्वांच्या नकळत खाऊन जाते, म्हणजे अन्न आणि तुम्ही यांचा संबंध तिच्या मनात जुळतच नाही. बशी ठेवून देणे बंद करा. या वयात दिवसातून चार वेळा थोडेथोडे खाणे लागते. त्या चारही वेळा बशी तुम्ही स्वतः घेऊन जा, ठेवा, आणि ती जितक्या अंतरावर तुम्ही असताना खाते तितक्याच अंतरावर बसून राहा. ते अंतर सुरुवातीला आठ फूट असले तरी हरकत नाही. प्रत्येक खेपेला वीतभर जवळ बसा. तिने मान वर करून खाणे थांबवले तर आपण घाई केली असे समजून पुन्हा मागे सरका. मात्र तिला उपाशी ठेवून झुकवण्याचा प्रयत्न करू नका. तुमच्यासमोर अजिबात खाल्ले नाही तर खोलीतून निघून जा, तिला खाऊ द्या आणि पुढच्या वेळी अधिक लांब बसा.

जवळ बसून खाऊ लागली की लांब दांड्याच्या चमच्यावर उकडलेल्या कोंबडीचा, मीठ-मसाला-कांदा-लसूण यांपैकी काहीही नसलेला, मऊ लगदा करून पुढे धरा. चमच्यापासून बोटापर्यंतचा प्रवास बहुधा आपोआप होतो. बोट चाटून झाल्यावर तिला ते हुंगू द्या, आणि तिने स्वतः गाल घासला तरच बोटाच्या मागच्या बाजूने गालावरून एक-दोनदा हळू फिरवा. गाल, हनुवटी आणि कानापुढचा भाग येथे तिच्या गंधग्रंथी असतात आणि तिथला स्पर्श बहुतेक मांजरांना आवडतो. शेपटीचे मूळ आणि पोट यांना सुरुवातीला हातही लावू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोनदा कुरवाळून हात मागे घ्यावा आणि थांबावे. ती पुढे आली तर आणखी, नाही आली तर आजचे काम संपले. शेपटीचे टोक झटकणे, कान आडवे होणे, पाठीवरची कातडी थरथरणे या तिच्या नकाराच्या खुणा आहेत, आणि तो नकार प्रत्येक वेळी मानला जातो हे कळले की ओरखडण्याची वेळच तिच्यावर येत नाही.

मुलाला या सगळ्यातून बाजूला ठेवू नका, त्याला काम द्या. उचलणे पूर्ण बंद, परंतु दिवसातून दोनदा खेळवण्याचा मान त्याचा. लांब काठीला जाड कापडाची पट्टी बांधून ती जमिनीवरून, तिच्यापासून दूर पळत असल्यासारखी, थांबत-थांबत ओढायची. तोंडावर नाचवायची नाही. काठीच्या लांबीमुळे तिला माणसापासून अंतर राखूनच त्याच्यासोबत खेळता येते, आणि लाजाळू पिल्लाला खेळ अन्नापेक्षाही लवकर बाहेर काढतो असा माझा अनुभव आहे. शेवटी तिला ती पट्टी पकडू द्यावी आणि लगेच खायला द्यावे, कारण पाठलाग, पकड आणि भोजन हा तिचा उपजत क्रम आहे. हाताची बोटे हलवून खेळायला शिकवू नका. आज गंमत वाटते, पुढे मोठे दात आल्यावर तीच सवय रक्त काढते. आणि खेळ संपला की काठी कपाटात ठेवा. दोरा, रबरबँड, गजऱ्याचा दोरा, मांजा या वस्तू मांजर गिळते आणि आतडी चुण्या पडून फाटण्यापर्यंत वेळ जाते.

पशुवैद्य_गोरेगाव:

वरील चर्चा उत्तम आहे, परंतु सावली यांच्या प्रश्नातील एका वाक्यावरून सगळे पुढे गेले आहेत. मुलाच्या मनगटावर ओरखडा आला आहे. ठमीला दिलेली पहिली लस ही बहुधा पॅनल्युकोपेनिया (मांजरांना होणारा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) आणि श्वसनाच्या विषाणूंवरील आहे. रेबीजची लस पिल्लाला साधारणपणे बारा आठवडे पूर्ण झाल्यावर देतात, म्हणजे ती तिला अजून मिळालेली नसणार. रस्त्यावरून आलेल्या, लस न झालेल्या पिल्लाचा ओरखडा किंवा चावा किरकोळ दिसला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अद्याप दाखवले नसेल तर आजच दाखवा. महापालिकेच्या रुग्णालयांत माणसांना द्यायची रेबीजची लस मोफत मिळते. पिल्लू धडधाकट दिसते हे टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

आता विश्वासाविषयी थोडेसे. अचानक वाढलेली भीती हे कधीकधी दुखण्याचे लक्षण असते. कानात माइट्स (अगदी बारीक किडे) झालेल्या किंवा दात दुखणाऱ्या पिल्लाला डोक्याजवळ हात आणलेला चालत नाही आणि घरच्यांना ते माणूसघाणे वाटते. त्याचप्रमाणे मांजर खुशीत काढते ती गुरगुर ऐकू आली म्हणजे सर्व ठीक आहे असे मानू नका. मांजर वेदनेत आणि भीतीतही गुरगुरते. एवढ्या लहान पिल्लाने दिवसभर काहीच खाल्ले नाही तर ते रुसले आहे असे न समजता दवाखान्यात आणावे.

गाईचे किंवा म्हशीचे दूध विश्वास मिळवण्यासाठी देऊ नका, त्याने बहुतेक पिल्लांना जुलाब होतात. घरात मांसाहार होत नसेल तर पिल्लांसाठीचे तयार अन्न वापरा, कारण टॉरिन हे अमिनो आम्ल मांजराला प्राणिज अन्नातूनच मिळते आणि केवळ दूधभातावर ठेवलेल्या मांजराचे डोळे आणि हृदय कालांतराने बिघडते. तिच्या खोलीची फरशी फिनाइलने पुसू नका. फिनॉलयुक्त द्रव्ये मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत आणि ती पंजे चाटते तेव्हा ती पोटात जातात. आपली पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराचा जीव घेते.

एक विनंती: दवाखान्यात आणण्याची पेटी आत्ताच विकत घेऊन तिच्या खोलीत दार उघडे ठेवून मांडून ठेवा आणि अधूनमधून तिला आतच खायला द्या. पुढच्या लसी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत चालतील. पेटी फक्त सुईच्या दिवशी दिसली तर तुम्ही मिळवलेला विश्वास दर वेळी थोडा मागे जाईल.

सावली_मुलुंड:

सर्वांचे मनापासून आभार. मुलाला दुसऱ्याच दिवशी दाखवले आणि त्याची लस सुरू झाली आहे. खोका बेडरूममध्ये ठेवला आणि दिवाणाखालची जागा बंद केली. पहिल्या रात्री ती कपाटामागे जाऊन बसली, नंतर खोक्यात शिरली. आता ती माझ्यासमोर खाते, चमचा चाटते, आणि मुलाच्या काठीमागे तर वेड्यासारखी धावते. हात मात्र अजून लावू देत नाही.

दोन शंका उरल्या आहेत. पहाटे चारच्या सुमारास ती घरभर धुमाकूळ घालते, तेव्हा तिला रागावलो तर झालेली प्रगती बिघडेल का? आणि गणपतीच्या दिवसांत, आरतीच्या वेळी झांजा आणि टाळ वाजतील तेव्हा, तिला माणसांत आणून सवय करावी की दूर ठेवावे?

माऊमावशी_दादर:

रागावू नका, तिला कारण कळणार नाही, फक्त तुमचा आवाज लक्षात राहील. मांजरे पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वाधिक जागी असतात. रात्री झोपण्याआधी तिला दमेपर्यंत खेळवा आणि चार खाण्यांपैकी शेवटचे त्यानंतर द्या. पहाटे उठून खायला मात्र देऊ नका, नाहीतर ती रोज त्याच वेळी उठवील. हात लावू देत नाही याची काळजी करू नका, चमच्याचा दांडा दर दोन-तीन दिवसांनी बोटभर आखूड धरत जा.

गिरणगावकर:

गणपतीत तिला दूर ठेवावे, यात मला काहीही शंका नाही. माणसाला सुमारे वीस किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि मांजराला साठ किलोहर्ट्झच्याही वरचा; झांजेचा जो भाग आपल्याला ऐकूच येत नाही तोही तिच्या कानात जातो. दीड दिवस बेडरूम तिचीच असू द्या. ट्रे, पाणी, खोका, पेटी सर्व तिथे, खिडक्या बंद, पंखा चालू, आणि दारावर ‘दार उघडू नये’ अशी चिठ्ठी मोठ्या अक्षरांत. पाहुण्यांतल्या मुलांना ‘एकदाच बघू’ म्हणून आत सोडू नका. आधीचे काही आठवडे ती जेवत असताना मोबाइलवर आरतीचे ध्वनिमुद्रण अगदी जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात लावा आणि ती खात राहिली तरच किंचित वाढवा. ढोलताशाची मात्र अशी तयारी फारशी होत नाही, कारण त्याचा जमिनीतून येणारा दणका मोबाइलमधून निघत नाही. तुमच्या गल्लीतून मिरवणुका जात असतील तर त्या दिवशी घरातले कुणीतरी तिच्या खोलीत नुसते वाचत बसलेले बरे.

कापूर तिच्या आवाक्यात ठेवू नका, तो मांजराला विषारी असतो. कुणी लिलीच्या फुलांचा गुच्छ आणला तर तो घराबाहेरच ठेवा. लिलीच्या परागानेही मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात. दुर्वा चघळल्या तर चघळू द्या.

माऊमावशी_दादर:

एक राहिले. सध्या ती घाबरट असल्यामुळे खिडकीकडे फिरकत नसेल, पण धीट झाली की पहिली तिथेच जाईल, आणि आपल्या इमारतींच्या ग्रिलमधून या वयाचे पिल्लू सहज पार होते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी पिल्ले कुरतडतात, म्हणून ग्रिलच्या आतून बारीक स्टीलची जाळी लावून घ्या. ड्रिलचा आवाज होणार, तेव्हा हे काम गणपतीच्या बरेच आधी उरका. हॉलमध्ये काम चालू असताना तिला बेडरूममध्ये ठेवा, आणि बेडरूमच्या खिडकीच्या वेळी तिला पेटीत घालून, पेटीवर चादर टाकून, स्वयंपाकघरात तुमच्याजवळ ठेवा.